सूक्ष्मजीवशास्त्राची सुरुवात कोठून करावी?

कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलचे पहिले स्थानक म्हणजे पळसदरी. पुण्याचा लोहमार्ग येथून घाटाची वाट धरतो आणि खोपोलीचा फाटा वेगळा होतो. जवळच धरणाचा तलाव आहे, भोवती डोंगर आहेत आणि पायथ्याशी भाताची खाचरे. एप्रिलच्या अखेरीस आम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या चौदा विद्यार्थ्यांना घेऊन येथे गेलो होतो. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. तलावाच्या पाण्याचे नमुने घ्यायचे, ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणायचे, एवढाच बेत होता. निर्जंतुक केलेल्या बाटल्या, थर्मास, चिठ्ठ्या असा सगळा सरंजाम बरोबर होता.

वाटेत एका खाचरात राब भाजणे चालू होते. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. भाताचे रोप जेथे तयार करायचे त्या तुकड्यावर शेण पसरतात, त्यावर झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर देतात, वरून बारीक मातीचा पातळ थर घालतात आणि वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात, म्हणजे तो भडकत नाही, धुमसत धुमसत जळतो. पाऊस आला की या राखेच्या वाफ्यात बी टाकतात. तीन-साडेतीन आठवड्यांनी रोप उपटून दुसरीकडे त्याची लावणी होते.

आम्ही सहज विचारले, ‘‘हे का भाजतात?’’ चौदाजणांत एक मुलगी शेजारच्याच तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरची होती. पहिल्या वर्षी तिला विशेष प्रावीण्य मिळाले होते. ती म्हणाली, ‘‘आमच्याकडेही भाजतात, सर. पण त्याचा मायक्रोबायॉलॉजीशी काय संबंध?’’

राबाजवळ उभ्या असलेल्या आजींना मुलांनी तोच प्रश्न विचारला. त्यांनी हातातली काठी न थांबवता उत्तर दिले, ‘‘नाय भाजला तर रोपापरीस रानच जास्त येतं. रोप पिवळं पडतं. नि उपटाया गेलं तर सुटत नाय, तुटतं.’’

तीन वाक्यांत तीन निरीक्षणे होती. तण येत नाही, रोप हिरवेगार राहते आणि माती भुसभुशीत होते. विशेष प्रावीण्य मिळवलेल्या मुलीकडे मात्र एकही नव्हते. दोष तिचा नाही. तिने जे शिकवले ते उत्तम शिकले होते. दोष आहे तो सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख करून देण्याच्या आपल्या रीतीत. या लेखात त्या रीतीची आणि ती ज्या पाठ्यपुस्तकांवर उभी आहे त्यांची थोडी चिकित्सा करायची आहे. ही चिकित्सा आम्ही तटस्थपणे करू शकत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. आम्हीही असेच शिकलो आणि बरीच वर्षे असेच शिकवले.

पहिले प्रकरण

कोणतेही प्राथमिक पाठ्यपुस्तक उघडा. पहिल्या प्रकरणात लेवेनहुक भिंगातून पाहतो, पाश्चर बाकदार मानेच्या चंबूत रस्सा उकळतो, कॉख काळपुळीचा जंतू वेगळा काढतो. मग लस, मग प्रतिजैविके. गोष्ट खरी आहे, रंजक आहे आणि सांगायलाच हवी. पण ती एकाच बाजूने सांगितलेली आहे. सूक्ष्मजीव म्हणजे शत्रू आणि सूक्ष्मजीवशास्त्र म्हणजे त्या शत्रूला पकडण्याची विद्या, असा ठसा पहिल्या वीस पानांतच उमटतो.

त्याच काळात विनोग्राड्स्की आणि बायेरिंक हे दोघे मातीकडे वळले होते. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतून जिवाणू वेगळे काढण्याचे काम बायेरिंकने १८८८ मध्ये केले. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू विनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास मिळवले. सूक्ष्मजीव नसते तर पृथ्वीवर नायट्रोजन, गंधक, लोह यांचे चक्रच फिरले नसते, ही दृष्टी या दोघांची. पहिल्या प्रकरणात त्यांना बहुधा एखादा परिच्छेद मिळतो, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही.

आपल्याकडे हा ठसा अधिक खोल उमटण्याला इतिहासही कारण आहे. सूक्ष्मजीवशास्त्र या देशात आले ते साथीच्या पाठोपाठ. कॉलऱ्याच्या जंतूचा शोध घेत कॉख कलकत्त्याला आला, त्या शोधाचे निष्कर्ष १८८४ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि हाफकिनला तेथे पाठवण्यात आले. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्या प्रयोगशाळेतूनच वाढली. या कामाचे मोल थोर आहे. पण त्यामुळे ‘जंतू’ म्हटले की आपल्याला प्रथम रुग्णालय आठवते, खाचर आठवत नाही.

मातीच्या बाजूनेही येथे काम झाले होते, ते मात्र पाठ्यपुस्तकात पोचले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांचे नाव दख्खनमधील खेड्यांच्या पाहणीमुळे अनेकांना माहीत असेल. याच मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह १९१२ मध्ये पश्चिम हिंदुस्थानातील राब पद्धतीवर एक स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणजे त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वी पुण्यातच झाला होता. तिच्या अभ्यासक्रमात त्याचा उल्लेख नाही. आमच्याही नव्हता.

राबात काय घडते?

येथे थोडे थांबून राबाचेच पाहू. प्राथमिक सूक्ष्मजीवशास्त्राची निम्मी प्रकरणे या एका वाफ्यात सापडतात.

पहिली गोष्ट, जळणारा राब माती तापवतो. वरचा थर बराच तापतो, खाली उष्णता वेगाने कमी होत जाते. तणांचे बी वरच्या थरात असते, ते मरते. बुरश्या, आदिजीव आणि बरेचसे जिवाणूही मरतात. पण सगळे मरत नाहीत. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या गटांतील जिवाणू उष्णता सोसणारे बीजाणू तयार करतात. पाठ्यपुस्तकातील बीजाणूंचे प्रकरण आपण ‘१२१ अंश सेल्सिअस, १५ मिनिटे’ या एका ओळीसाठी पाठ करतो. बीजाणूंचा निसर्गात उपयोग काय, हा प्रश्न तेथे उठतच नाही. राबाच्या राखेखाली तो आपोआप उठतो.

दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये मातीच्या अर्धवट निर्जंतुकीकरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. माती तापवली, किंवा टोल्युईनसारखे द्रव्य घालून ते नंतर उडून जाऊ दिले, तर जिवाणूंची संख्या आधी एकदम घसरते. पण नंतर ती वाढत जाऊन मूळच्या संख्येच्याही पुष्कळ वर जाते. मातीतील अमोनिया वाढतो आणि अशा मातीत रोप अधिक चांगले वाढते. जंतू मारल्याने जंतू वाढले आणि माती सकस झाली!

याचे कारण काय? रसेल आणि हचिन्सन यांचा तर्क असा होता की, जिवाणूंना खाणारे आदिजीव उष्णतेने मरतात, म्हणून उरलेल्या जिवाणूंना मोकळे रान मिळते. तर्क सुंदर होता, पण पुढे तो पुरेसा ठरला नाही. रॉथॅमस्टेडलाच काम करणाऱ्या जेंकिन्सन यांनी १९६६ मध्ये दाखवले की, या वाढीचे मोठे कारण म्हणजे मेलेले सूक्ष्मजीव स्वतःच. त्यांच्या पेशींतील नायट्रोजन वाचलेल्यांचे खाद्य बनतो आणि त्यातला बराचसा अमोनियाच्या रूपात मोकळा होतो. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेला नाजूक असतात आणि लवकर सावरत नाहीत, त्यामुळे तो अमोनिया काही काळ तसाच राहतो. भाताचे रोप अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन चांगला उचलते. याच तत्त्वावर जेंकिन्सन आणि पॉल्सन यांनी १९७६ मध्ये मातीतील सूक्ष्मजीवांचे एकूण वजन मोजण्याची पद्धत बसवली. मातीला क्लोरोफॉर्मची वाफ द्यायची आणि पुढे काय मोकळे होते ते मोजायचे.

तिसरी गोष्ट राख. तिच्यातून पोटॅश, चुना आणि थोडे स्फुरद मिळते, मातीची आम्लता कमी होते.

म्हणजे आजींची तिन्ही निरीक्षणे बरोबर होती आणि त्यांच्यामागे बीजाणू, वाढीचा आलेख, नायट्रोजनचे चक्र, आदिजीव आणि जिवाणू यांचे नाते, निर्जंतुकीकरण अशी किमान पाच प्रकरणे उभी होती. विद्यार्थ्यांनी ती पाचही प्रकरणे वाचलेली होती, पण वेगवेगळ्या महिन्यांत आणि वेगवेगळ्या गुणांसाठी.

शुद्ध संवर्धनाचा हट्ट

पाठ्यपुस्तकांचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. कॉखने १८८१ मध्ये घट्ट माध्यमावर एकाच जातीच्या जिवाणूची वाढ वेगळी काढण्याची रीत दाखवली. त्यानंतर हेसे दांपत्याने अगार आणले, १८८७ मध्ये पेट्रीची बशी आली, आणि शुद्ध संवर्धन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत प्युअर कल्चर, हा या शास्त्राचा पाया झाला. तो नसता तर कोणता जंतू कोणता रोग करतो हे कधीच कळले नसते.

पण साधन हळूहळू जग बनून बसले. जो बशीत वाढतो तोच जिवाणू, असे विद्यार्थ्याला वाटू लागले. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या शंभर कोटींच्या घरात असते. तीच माती विरल करून नेहमीच्या अगारावर पसरली तर त्यातल्या शंभरांतला एखादाच वसाहत करून दिसतो, पुष्कळदा तोही नाही. सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी आणि बशीतली मोजणी यांतली ही तफावत जुन्या मंडळींनाही माहीत होती. १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का यांनी तिच्याकडे ठळकपणे लक्ष वेधले.

आपली प्रात्यक्षिकाची वही मात्र वसाहती मोजून, विरलतेने गुणून ‘एका ग्रॅममध्ये इतके जिवाणू आहेत’ असे लिहून मोकळी होते. खरे तर लिहायला हवे की, ‘या माध्यमावर, या तापमानाला, इतक्या वेळात एवढे वाढले.’ वाक्य थोडे लांबते, पण खोटे राहत नाही.

ही तफावत केवळ तात्त्विकही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जिवाणू बारीक खळग्यांत बंद करून पुन्हा मातीतच वाढायला ठेवले. बशीत न वाढणाऱ्या अशा एका जिवाणूपासून टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळाले. अगारावर येत नाही म्हणून ज्यांना आपण मोजत नव्हतो, त्यांच्यातच औषध होते. आणि प्रतिजैविकांचा इतिहास पाहिला तर हे नवलही नाही. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळाले ते वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, आणि वॅक्समन हे मुळात मातीचे अभ्यासक. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले गेले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याच्या जातीचे नाव पिंपरीवरूनच ‘पिंपरिना’ ठेवले आहे. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो, त्यातला मोठा वाटा याच स्ट्रेप्टोमायसिस कुळाचा आहे. रोगाचे प्रकरण आणि मातीचे प्रकरण वेगळे नाही, हे सांगायला याहून चांगले उदाहरण कोणते?

जुलैतील दुसरी फेरी

त्या मुलीच्या प्रश्नामुळे आम्ही जुलैत पुन्हा पळसदरीला गेलो. लावणी झाली होती. एका बांधाच्या कडेला झिरपणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता आणि खाली तांबूस गाळ. ‘‘पॉवर टिलरचं डिझेल सांडलंय,’’ एक विद्यार्थी म्हणाला. आम्ही त्याला काडी दिली. काडीने डिवचल्यावर तेलाचा तवंग पुन्हा एकत्र येतो. हा मात्र काचेसारखे तुकडे होऊन फुटला आणि तसाच राहिला. तो लोहाच्या जिवाणूंचा होता. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसल्याने लोह विरघळलेल्या रूपात येते, हवेशी गाठ पडते तेथे हे जिवाणू आणि हवा मिळून त्याचा गंज करतात.

मग मुले खाचराच्या कडेला उतरली. पाय रुतला की चिखलातून बुडबुडे येत. पाठ्यपुस्तकात ‘विनॉक्सी श्वसन’ नावाचा एक तक्ता असतो. प्राणवायू संपला की नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट आणि अगदी शेवटी मिथेन. तो तक्ता मुलांना पाठ होता. भरलेल्या खाचराच्या मातीत तो दिवसागणिक आणि वरून खाली खरोखरच घडत असतो, हे त्यांना त्या दिवशी कळले. वरच्या तांबूस पापुद्र्याखालची माती करडी-काळी होती आणि तळाशी बुडबुडे.

हे बुडबुडे बहुतांशी मिथेनचे. व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या सरोवराच्या चिखलातून हा वायू गोळा केला होता. आणि तो तयार करणारे सूक्ष्मजीव जिवाणू नाहीतच, ते एका स्वतंत्र गटाचे आहेत, असे १९७७ मध्ये वूज आणि फॉक्स यांनी दाखवले. त्या गटाला आज आपण आर्किया म्हणतो. पुस्तकांत आर्कियांचे वर्णन ‘उकळत्या झऱ्यात आणि मिठागरात राहणारे विलक्षण जीव’ असे केलेले असते. पालीजवळची उन्हेऱ्याची कुंडे आणि पेण-उरणकडची मिठागरे आपल्याच जिल्ह्यात आहेत, तीही जरूर दाखवावीत. पण आर्किया पाहायला इतके दूरही जायला नको. ते पायाखाली होते.

पाण्यावरच्या नीलहरित शेवाळाचीही गोष्ट तेथेच सांगता आली. भाताच्या खाचरात पिढ्यान्‌पिढ्या थोडे खत घालूनही नायट्रोजन पुरतो कसा, याचे एक उत्तर हे शेवाळ आहे, असे पी. के. डे या भारतीय संशोधकाने १९३९ मध्ये प्रयोगाने दाखवले. ‘सायनोबॅक्टेरियांचे महत्त्व’ या पाच गुणांच्या टिपेत त्यांचेही नाव नसते.

पुस्तकांविषयी

आता पुस्तकांविषयी स्पष्ट बोलू. पेल्झार आणि रीड यांचे ‘मायक्रोबायॉलॉजी’ १९५८ मध्ये आले. पुढे त्याला चॅन आणि क्रीग हे लेखक मिळाले, १९८६ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली, आणि तिच्या स्वस्त भारतीय पुनर्मुद्रणावर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या वाढल्या. आकृत्या स्वच्छ, भाषा सोपी, व्याख्या नेमक्या. पहिल्यांदा विषय शिकणाऱ्याला इतका आधार देणारे पुस्तक सोपे नसते. पण त्याच्या रचनेत आधी जिवाणूची पेशी, मग संवर्धन, मग चयापचय आणि जनुके येतात. माती, पाणी आणि अन्न पुस्तकाच्या अखेरच्या भागांत येतात. आपल्या वर्गात अखेरचे भाग फेब्रुवारीत येतात आणि फेब्रुवारीत काय होते हे शिक्षकांना सांगायला नको.

स्टॅनियर, डूडोरॉफ आणि एडलबर्ग यांचे ‘द मायक्रोबियल वर्ल्ड’ १९५७ चे. तेथे सुरुवातीपासूनच विनोग्राड्स्की आणि बायेरिंक यांना मान आहे. सूक्ष्मजीव हे पृथ्वीवरील द्रव्ये फिरवणारे आहेत, हे सूत्र पुस्तकभर टिकते. वाचायला ते जड आहे आणि आता जुने झाले आहे, पण शिक्षकाने स्वतःसाठी ते एकदा वाचावेच. ब्रॉक यांचे ‘बायॉलॉजी ऑफ मायक्रोऑर्गॅनिझम्स’ १९७० चे. पुढील लेखकांनी त्याच्या आवृत्त्या सतत नव्या केल्या आहेत. ब्रॉक स्वतः यलोस्टोनच्या गरम झऱ्यांच्या काठी बसून काम करणारे. तेथे त्यांना सापडलेल्या एका जिवाणूच्या विकराने पुढे डीएनएच्या प्रती काढण्याचे तंत्र सोपे केले. बाहेर जाऊन पाहणाऱ्या माणसाचे पुस्तक आणि बशीतून पाहणाऱ्याचे पुस्तक यांत फरक पडतो.

परंतु तिन्ही पुस्तके परदेशी विद्यार्थ्यासाठी लिहिलेली आहेत. त्यांत राब नसणार, हे उघडच आहे. त्याबद्दल त्या लेखकांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आपल्या टिपणवह्यांचा, मार्गदर्शकांचा आणि प्रश्नपत्रिकांचा. आपण त्या पुस्तकांतून व्याख्या उचलल्या, दृष्टी उचलली नाही. आणि आपल्या परिसराची भर त्यांत घातली नाही.

भाषेचेही तसेच. पदवीला सगळे इंग्रजीतून असते, म्हणून मराठी शब्द दारातच गळतात. पण आपल्या स्वयंपाकघरात आंबणे, नासणे, विटणे, बुरसणे, सडणे, कुजणे असे वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वेगवेगळ्या क्रियांसाठी आहेत. इडलीचे पीठ आंबते, दूध नासते, वरण विटते, भाकरी बुरसते, खड्ड्यातला पाला कुजतो. यांतल्या प्रत्येकात कोण वाढतो, कशावर वाढतो आणि प्राणवायू आहे की नाही, असे विचारले तर चयापचयाचे अख्खे प्रकरण सुरू होते. ‘विरजण’ हा शब्द तर समृद्धीकरणाच्या पद्धतीचा गाभाच सांगतो. परिस्थिती अशी ठेवा की हवा तोच जीव वाढेल. बायेरिंकला हे समजावून सांगावे लागले. आपल्या घरी ते रोज रात्री होते.

राब चांगला की वाईट?

येथे एक सावधगिरी हवी. ‘आपल्या पूर्वजांना सगळे माहीत होते’ असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. राबाला किंमत आहे. टहाळासाठी झाडे छाटली जातात, शेण शेताला जाण्याऐवजी जळते, त्यातल्या नायट्रोजनचा मोठा भाग धुरावाटे जातो, आणि धूर कोणाच्या तरी छातीत जातो. हा वादही आजचा नाही. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत राबासाठी टहाळ तोडण्याच्या हक्कावरून शेतकरी आणि वनखाते यांच्यात एकोणिसाव्या शतकात मोठा तंटा झाला. जंगलाविषयीच्या अशा गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला गेला. इंग्लंडहून आलेल्या व्होएल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची चर्चा केली. राब खरोखर गरजेचा आहे की ती केवळ सवय आहे, या प्रश्नावर लोकांचा जंगलावरचा हक्क टांगलेला होता. आणि मातीत नेमके काय घडते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

अर्धवट ज्ञानाने निवाडा देण्याची चूक आम्हीही केली आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या शेतकरी मेळाव्यात आम्ही ठासून सांगितले होते, ‘‘राब जाळू नका, मातीतले उपयुक्त जंतू मरतात.’’ मागे बसलेल्या एका काकांनी विचारले, ‘‘मंग साहेब, रोप चांगलं का येतं?’’ आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही राखेतल्या पोटॅशवर काहीतरी बोललो आणि विषय बदलला. सल्ला कदाचित बरोबर असेल, पण कारण अपुरे होते आणि समोरच्याला ते कळले होते. डॉक्टरेट आमच्याकडे होती, प्रश्न त्यांच्याकडे.

राबाला पर्याय आहेत. गादीवाफे, डॉ. ना. के. सावंत यांच्या चारसूत्रीतला भाताच्या तुसाच्या राखेचा वापर, आणि कर्जत तालुक्यातच नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली, रोपवाटिका, चिखलणी आणि लावणी यांना फाटा देणारी सगुणा भात पद्धत. या पद्धतीत आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू देतात, तणांसाठी तणनाशक वापरतात. यातले प्रत्येक पाऊल मातीतील सूक्ष्मजीवांवर काही ना काही परिणाम करते. कोणती पद्धत बरी, हे ठरवताना तो परिणाम पाहता येणारे पदवीधर या तालुक्यातच असायला हवेत. ते तयार करणे हे प्राथमिक सूक्ष्मजीवशास्त्राचे काम आहे.

चार पेले

टीका केली की पर्यायही सांगावा लागतो. आम्ही परत आल्यावर पहिले प्रात्यक्षिक बदलले. ग्रॅमचे रंजन आहेच, ते यायलाच हवे. पण त्याआधी चार पेले. पहिल्यात खाचराची साधी माती. दुसऱ्यात तीच माती आणि चमचाभर राख. तिसऱ्यात तव्यावर तापवून थंड केलेली माती. चौथ्यात तापवलेली माती आणि राख. पेल्यांच्या तळाला भोके पाडायची. प्रत्येकात भाताचे दहा-दहा दाणे, सारखे पाणी, सारखे ऊन. एकवीस दिवस उंची, पानांचा रंग आणि तणांची संख्या रोज लिहायची. राखेचा परिणाम किती, उष्णतेचा किती आणि दोन्ही मिळून किती, हे याच मांडणीतून वेगळे होते. राब भाजताना दोन्ही एकदम होतात, म्हणून नुसते शेत पाहून ते सुटत नाही. माती तापवताना धूर होतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि शिक्षकाने जवळ असावे.

शाळेतही हे करता येते. महाविद्यालयात त्याला जोड द्यावी. पहिल्या आणि तिसऱ्या पेल्यातली माती पहिल्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी विरल करून अगारावर पसरावी. संख्या आधी घसरते का, नंतर चढते का, कोणत्या प्रकारच्या वसाहती आधी येतात, त्यांत बीजाणू दिसतात का, हे पाहावे. ग्रॅमचे रंजन, बीजाणूंचे रंजन, वसाहतींची मोजणी ही ठरलेली प्रात्यक्षिके यात आपोआप होतात. फरक एवढाच की, काय निघणार हे शिक्षकालाही आधी माहीत नसते. तीनच ठरलेले जिवाणू, तेच तिरके अगार आणि तेच उत्तर, यातून हात तयार होतात. प्रश्न विचारण्याची सवय त्यातून लागत नाही.

त्या मुलीने पाचवा पेला मागितला. तापवलेल्या मातीत चिमूटभर कच्ची माती परत घालायची. ‘‘मेलेले जिवाणू हेच खाद्य असेल, तर खाणारे परत आले की काय होईल?’’ तिने विचारले. एप्रिलमध्ये जिला संबंध दिसत नव्हता, तिनेच रसेल आणि जेंकिन्सन यांच्यातला वाद एका पेल्यात आणून ठेवला होता. आम्ही तिला रॉथॅमस्टेडचे काहीही सांगितलेले नव्हते. ते पुढच्या तासाला सांगितले आणि त्या तासाला वर्ग शांत होता.

प्रत्येक महाविद्यालयाजवळ पळसदरी नसेल. पण कोठे विहीर असेल, कोठे गुऱ्हाळ, कोठे उकिरडा, गोबरगॅसचा खड्डा, अंबाडीची सडत घातलेली ताटे. पहिल्या आठवड्यात एकदा तेथे जावे, सूक्ष्मदर्शक नंतर काढावा. तेथल्या माणसांना ‘तुम्ही असे का करता?’ हे आधी विचारावे आणि उत्तर वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे. वर्षाच्या अखेरीस ते पान पुन्हा उघडून त्यातली किती वाक्ये आपल्याला समजावून सांगता येतात ते पाहावे. आमच्या मते या विषयाची तीच खरी परीक्षा. ज्या शिक्षकांनी असे काही करून पाहिले असेल त्यांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले प्रयोग, मासिकाकडे जरूर लिहून पाठवावेत.